मावशींच्या दोन टाळ्या

सौंसरला झूलाघर, म्हणजे पाळणाघर, चालवणाऱ्या मावशी सकाळी दारात उभ्या राहून आधी दोन टाळ्या वाजवायच्या. पाळण्यातली, सतरंजीवरची सगळी लेकरं वळून पाहायची. एखाद्यानं उशिरा मान वळवली, की त्या त्याच्या कपाळाला हात लावून पाहायच्या.

लसींचं कार्ड पाहिल्याशिवाय त्यांनी तहसीलच्या बाबूचा नातूही उंबऱ्याआत घेतला नव्हता. मी एकदा हसले, तर पाळण्यातल्या चकुलीकडे बोट दाखवून म्हणाल्या, "मॅडम, लायसनसाठी नाही करून राहिली मी. हे सहा महिन्याचं आहे. याचा गोवराचा टीका अजून तीन महिन्यानं. तोवर बाकीच्यांचे झाले असले, तरच हे बचते."

हे ऐकून घेणारी मी शिक्षिका, आणि माझ्याच चिनूची गोवराची लस राहिली होती. नवव्या महिन्यात ताप होता, मग संत्र्याची तोडणी, मग आज जाऊ, उद्या जाऊ. माझी शाळा सुरू झाली, चिनूला झूलाघरात ठेवायचं होतं, तेव्हा मी मावशींना बिनदिक्कत सांगितलं, "सगळे टीके झाले, कार्ड पांढुर्ण्याला सासरी राहिलं." मावशींनी कार्डासाठी पुढे केलेला हात मागे घेतला. "तुम्ही मॅडम आहात, खोटं कायले बोलसान," म्हणाल्या आणि चिनूला कडेवर घेतलं.

पावसाळ्यात त्याला ताप आला. शाळेत तपासणी होती, म्हणून मी सकाळी औषध पाजून ताप उतरवायची आणि त्याला सोडून यायची. असं तीन दिवस केलं. चौथ्या दिवशी कानामागे पुरळ दिसलं.

चिनू का आला नाही, हे विचारायला मावशी संध्याकाळी घरी आल्या. गोवर आला, म्हणून पांढुर्ण्याहून आलेल्या सासूबाईंनी दाराला कडुनिंब बांधला होता. मावशी चौकटीबाहेरच थांबल्या.

"ताप कधीपासून आहे?"

मी दार थोडं ओढून घेतलं. त्या पाल्याकडे पाहत म्हणाल्या, "टाळीला मान वळवत नव्हता. मीही तुमच्या शब्दावर राहिली."

दहा-बारा दिवसांनी चकुली फणफणली. तिला नागपूरला नेलं. चौकशीला आलेल्यांनी मावशींना विचारलं, बिनलसीचं लेकरू आत आलं कसं? मी तिथंच उभी होते. मावशी म्हणाल्या, "कार्ड मी पाहिलं नाही, साहेब. चूक माझी." लायसन गेलं. माझ्या तोंडून एक शब्द फुटला नाही, याची मला आजही किळस येते.

मावशी लेकीकडे नागपूरला जायला निघाल्या, तेव्हा मी बसस्टँडवर गेले. त्यांनी नुसता हात पुढे केला. मी चिनूचं कार्ड दिलं. चष्मा लावून त्यांनी गोवर येऊन गेल्यावरही टोचून घेतलेल्या त्या लसीची तारीख वाचली, आठच दिवसांपूर्वीची. कार्डाची नीट घडी घालून परत दिलं आणि म्हणाल्या, "जय भीम, मॅडम. सांभाळून ठेवा."

चकुली वाचली, पण गोवरानं तिचे कान नेले. यंदा ती माझ्याच वर्गात पहिलीला आली आहे. तिच्या आईला मी अजून काही सांगितलेलं नाही. वर्ग गोंगाट करतो तेव्हा मी दोन टाळ्या वाजवते. सगळी मुलं वळतात. चकुली पाटीवर लिहीत राहते, आणि मी जाऊन तिच्यासमोर उभी राहते.