मासा मजेत आहे

आमच्या सात पिढ्यांत घरात मासा आणणारा मी पहिला. जिवंत आणला म्हणून आईनं पुण्याहून फोनवर नुसता उसासा टाकला आणि विषय बदलला. निळाशार, शेपटीचा घोळदार पदर सोडलेला, आपल्याकडे ज्याला फायटर म्हणतात तो. दुकानातली मुलगी म्हणाली, याला सोबत चालत नाही, शेजारी दुसरा नर ठेवलात तर एक मरेल. मला तो तिथंच आपल्यातला वाटला.

खरं कारण मात्र वेगळं होतं. घटस्फोटानंतर मी कॅनडात ब्रॅम्पटनला एका भाड्याच्या टाउनहाउसमध्ये राहत होतो आणि आठ वर्षांची लेक तिच्या आईबरोबर मिसिसागाला. एक सोडून एक शनिवारी ती माझ्याकडे यायची. माझ्याकडे तिच्यासाठी काय, तर सोफा, टीव्ही आणि मी. दुपारी दोनलाच ती विचारायची, "व्हॉट टाइम इज मॉम कमिंग?" मासा आला आणि हा प्रश्न बंद झाला. लोक आमिष लावून मासा धरतात, मी मासा लावून मुलगी धरली. ती जॅकेटसुद्धा न काढता थेट टाकीपाशी जायची, आणि मी तिच्यापाशी.

त्या हिवाळ्यात एका शुक्रवारी दुपारपासून बर्फ पडायला लागला आणि शनिवारी पहाटे लाइट गेले. घराचं हीटिंग बंद, टाकीचा हीटर बंद. काचेवर चिकटवलेला थर्मामीटर सव्वीसवरून एकवीसवर आला होता. मी दोन स्वेटर आणि कानटोपी चढवली, आणि माझी रजई टाकीला गुंडाळली.

नऊ वाजता मोबाइलवर लेकीच्या आईचा फोन आला.

"रस्ते वाईट आहेत, आज तिला आणत नाही. तुझ्याकडे लाइट आहेत ना? तिकडचे गेलेत म्हणतायत. आमच्याकडे आहेत."

मला घर सांभाळता येत नाही, ही तिची जुनी तक्रार, आणि ती बिनचूक होती. म्हणूनच मी म्हटलं, "आहेत की!" आणि म्हणताना कानटोपी काढून ठेवली, जशी काही तिला ती दिसत होती.

मग लेक फोनवर आली. "हाउ इज ही?"

"मजेत!"

"इज ही डुइंग द टेल थिंग?"

मासा तळाच्या खड्यांवर एका कुशीवर पडला होता. "करतोय ना, सारखा," मी म्हटलं.

एकदा मजेत आहे म्हटल्यावर त्याला मजेत ठेवणं भाग होतं. पाणी गरम करावं, तर शेगडी विजेवरची. राहता राहिला मागच्या अंगणातला गॅसचा बार्बेक्यू, तो बर्फाखाली. मी फावडं घेऊन अर्धा तास खणलं आणि एक प्लॅस्टिकची खुर्ची बाहेर काढली. बार्बेक्यू दुसऱ्या कोपऱ्यात होता.

अखेर तो पेटला. वर कुकर चढवला. बर्फ आडवा पडतोय, मी छत्री धरून उभा आहे आणि कुकर तापतोय, हा प्रकार शेजारच्या म्हाताऱ्या गोऱ्या बाई खिडकीतून पाहत होत्या. पहिली शिट्टी झाली तसा त्यांनी पडदा ओढून घेतला.

आता हे पाणी एखाद्या बरणीत भरून, झाकण घट्ट लावून, बरणी टाकीत तरंगत सोडायची, म्हणजे ऊब हळूहळू पसरेल, असं माझं इंजिनिअरिंग. घरात घट्ट झाकणाची एकच बरणी होती, आईनं दिलेल्या कैरीच्या लोणच्याची. खार चमच्यानं खरवडला आणि बरणी विसळून घेतली. एकट्या माणसाच्या घरी धुणं म्हणजे विसळणंच.

थर्मामीटर एका अंशानं चढला. मी टाळी वाजवली. ऐकायला कोणी नव्हतं तरी वाजवली.

दहा मिनिटांत पाण्यावर सोनेरी तवंग आला. झाकणाच्या आट्यांतलं तेल. पाठोपाठ मोहरीची डाळ वर आली. फायटर हवा घ्यायला पृष्ठभागावर येतो. तो बिचारा कसाबसा वर आला, तेलाला तोंड लावलं आणि दगडासारखा खाली गेला. आमच्या घराण्यातला पहिला मासा मी जिवंतपणी फोडणीला घातला होता. पुढचा तासभर मी टिश्यू पेपरनं तेल टिपत बसलो. तेल निघालं, पण पाणी अठरावर आलं. मासा कल्ले हलवत होता की मलाच तसं वाटत होतं, कळेना.

मिसिसागात लाइट आहेत हे मला नऊ वाजल्यापासून माहीत होतं. बारापर्यंत तर आमच्या रस्त्यावरून बर्फ काढणारा ट्रक दोनदा जाऊन आला होता. मी छत्रीखाली कुकर तापवला तो एवढ्याचसाठी, की मासा एकदा तिकडे गेला की परत येण्याचं त्याला काही कारण नव्हतं. आणि मग लेकीलाही नव्हतं.

एक वाजता मी फोन केला. "लाइट गेलेत."

"कधी?"

"पहाटे."

मग ती म्हणाली, "घेऊन ये त्याला. आणि टोपी घाल."

ऑफिसला वरण नेतो तो रुंद तोंडाचा थर्मास मी साबणानं तीनदा धुतला आणि तीनदा खळबळला. त्यात टाकीतलं पाणी, मासा, वर थोडी हवा. थर्मास जॅकेटच्या आत, पोटाशी. गाडी चाळीसच्या वर नेली नाही. मागच्याचा हॉर्न ऐकून दर सिग्नलला मी थर्मासला "झालं, झालं" म्हणत होतो.

लेकीनं दार उघडलं, थर्मास घेतला आणि आत पळाली. तिच्या आईनं मला पायांपासून टोपीपर्यंत पाहिलं.

"मोहरीचा वास येतोय तुझ्या अंगाला."

"मोठी कहाणी आहे," मी म्हटलं.

"ये आत. चहा टाकते."

"नको, गाडी चालूच ठेवलीय." किल्ली माझ्या हातात होती. दोघांनीही तिच्याकडे पाहिलं नाही.

आतून लेक ओरडली, "ही इज मूव्हिंग!" मी दारातून वाकून पाहिलं, तर तिची पाठ तेवढी दिसली.

परतलो तेव्हा आमची गल्ली अंधारलेलीच होती. रजई टाकीभोवती तशीच. ती सोडवून अंगावर घेतली, तर एक कोपरा ओला होता.

लाइट दुसऱ्या दिवशी आले. पुढच्या पंधरवड्यात मी टाकी धुतली, नवे खडे आणले, हीटर सव्वीसवर लावून ठेवला आणि शुक्रवारी फोन केला.

"कसा आहे?"

"ही मेड बबल्स ऑल ओव्हर द टॉप!" लेक म्हणाली. जागा मानवली की नर तसे बुडबुडे करतो, हे मीच तिला वाचून दाखवलं होतं.

"अरे वा. मग उद्या त्याला घेऊन येतेस?"

"बट द बबल्स विल ब्रेक, बाबा."

ते खरंच होतं. तिनं फोनवर हात धरून आईला काहीतरी विचारलं. मागे नळ वाहत होता, तो बंद झाला.

"मॉम सेज यू कॅन कम हिअर."

"किती वाजता येऊ?"

पुन्हा हात, पुन्हा कुजबुज.

"आफ्टर लंच."

"हो हो," मी म्हटलं, "जेवूनच येतो."