एका पेल्यासाठी भांडलेले पास्टर

मार्थावहिनींचा फोन आला तेव्हा मी अहमदपूरच्या स्टँडवर मुखेडच्या गाडीची वाट बघत होतो. "गुरुजी, हे गेले. सकाळी चहाला हाक मारली, उठलेच न्हाईत..." एवढंच बोलल्या. मी मुखेडचा बेत सोडला आणि लातूरच्या गाडीत बसलो. पास्टर शमुवेल गायकवाड गेले, त्याला आता दीड महिना होईल. तीस वर्षं आम्ही भांडलो. मी बौद्ध, ते ल्युथरपंथी ख्रिस्ती. विषयांना तोटा नव्हता.

पहिली भेटही भांडणातूनच झाली. मी तेव्हा मुखेडला शाळेत शिकवत होतो. जयंतीच्या भाषणात मी म्हणालो होतो, की ख्रिस्ती झालेल्यांनी धर्म बदलला खरा, पण जात गाठोड्यात बांधून सोबत नेली. दुसऱ्या दिवशी सकाळी एक उंच, किडकिडीत माणूस दारात उभा. "मी इथल्या चर्चचा पाळक. तुम्ही काल खोटं बोलले, हे सांगायला घरून निघालो होतो. वाटेत विचार केला. खरं हाय तुमचं. आता ते मिटवायचं कसं, ते सांगा." मी त्यांना आत बोलावलं. दुपारचं जेवण आमच्याकडेच झालं.

त्यांच्या मंडळीत दोन तऱ्हेची घरं होती. तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती असलेली गावातली, आणि अलीकडे बाप्तिस्मा घेतलेली, जातीनं खालची समजली जाणारी वाडीवरची. चर्चमधल्या प्रभुभोजनाच्या विधीला सगळे एकाच पेल्यातून द्राक्षरस घेत. पुढच्या वर्षीच्या ईस्टरला चर्चच्या कमिटीनं मेजावर दुसरा पेला आणून ठेवला. कारण सांगितलं आरोग्याचं. पण तो पेला फक्त वाडीवरच्यांसाठी होता. मी पाहुणा म्हणून मागच्या बाकावर बसलो होतो. पास्टरांनी तो नवा पेला उचलला, रुमालात गुंडाळला आणि मेजाखाली ठेवून दिला. मग जुना पेला घेऊन आधी वाडीच्या रांगेकडे गेले. कमिटीचे सेक्रेटरी उठून ओरडले, "साहेब, एवढ्याशा गोष्टीसाठी मंडळी फोडून राहिलात तुम्ही!"

"एवढीशीच असती, तर तुम्हाला दुसरा पेला कशाला लागला असता?"

अर्धं चर्च उठून गेलं. तरी पास्टरांनी पेला शेवटच्या म्हातारीपर्यंत नेला.

चर्चच्या वरिष्ठांकडून बदलीचा हुकूम आला, तो त्यांनी मानला नाही. समजूत घालायला नांदेडहून पास्टर दानिएल आले. दोघं धर्मशिक्षणाला एका खोलीत राहिलेले, भावासारखे. दानिएल स्वभावानं मऊ. त्यांनी तोडगा काढला, की प्रत्येकाला छोटा, वेगळा पेला द्यावा, म्हणजे कुणाचाच अपमान नाही. मला तो पटला होता. शमुवेल मात्र भडकले. त्यांनी पत्रक छापून दानिएलना 'कमिटीला भिऊन विश्वास विकणारा' म्हटलं आणि ते साऱ्या पाळकांना पाठवलं. मी छापू नका म्हणून हात जोडले होते. "गुरुजी, खऱ्याला मऊ केलं की त्याचं खोटं व्हतं," एवढंच उत्तर. दानिएल पुन्हा कधी आले नाहीत. पास्टरांच्या साऱ्या आयुष्यात ही एकच गोष्ट मला आजही खुपते...

नोकरी गेली, राहतं घर गेलं. लातूरला क्लासेसच्या गल्लीत दोन खोल्या घेऊन ते पोरांना इंग्रजी शिकवू लागले. उरलेल्या वेळात पुस्तक लिहीत. सोळाव्या शतकात जर्मनीत त्यांच्याच पंथाचा एक भांडखोर पंडित होऊन गेला, त्याचं चरित्र. बादशहानं कॅथलिकांचे जुने विधी पुन्हा लादले तेव्हा बाकीचे म्हणाले, पाळकाच्या झग्यानं आणि मेणबत्त्यांनी काय बिघडतं? हा म्हणाला, जबरदस्तीनं लादलेली छोटी गोष्ट छोटी राहत नाही. त्यापायी तो तडजोडीला तयार झालेल्या स्वतःच्या गुरूवरही तुटून पडला आणि बायकापोरांसकट गावोगाव हाकलला गेला. पास्टर हे सांगायचे तेव्हा शेजारच्या घरातल्या माणसाबद्दल बोलल्यासारखं वाटायचं.

दफनाला वाडीवरची माणसं टेम्पो करून आली होती. त्यांच्या मागून काठी टेकत दानिएल आले. "वहिनी, प्रार्थना मी केली तर चालंल का?" वहिनींनी त्यांचा हात धरून त्यांना पुढं नेलं.

संध्याकाळी वहिनींनी हस्तलिखित आमच्यापुढं ठेवलं. गुरूशी झालेल्या भांडणाच्या प्रकरणात, समासात पास्टरांचं बारीक अक्षर होतं: 'इथं हा चुकला. गुरू भित्रा नव्हता, थकला होता. मीही दानिएलशी असंच वागलो. सांगायचं धाडस झालं नाही.' मी वाचलं आणि कागद दानिएलांकडे सरकवला. त्यांनी एकेका ओळीवर बोट ठेवत ते वाचलं.

"गुरुजी, हे पुस्तकात घ्या," ते म्हणाले. "आणि पेल्याचं त्याचं बरोबर होतं, तेही लिहा."

आता दर शनिवारी मी आणि दानिएल पास्टरांच्या खोलीत बसून हस्तलिखित तपासतो. परवा 'कृपा' या शब्दावरून आमचं चांगलंच जुंपलं. आवाज गल्लीत गेला असेल. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. मी ओशाळून गप्प झालो, तर म्हणाल्या, "थांबले का? भांडा की... घर भरल्यासारखं वाटून राहिलंय."