आफ्टर रीचिंग, फोन

आमच्या आत्याच्या यजमानांइतक्या ऐटीत इंग्रजी बोलणारा माणूस अख्ख्या अंबरनाथ पश्चिमेत नाही. अंबरनाथच कशाला, अलीकडे उल्हासनगर आणि पलीकडे बदलापूर धरलं तरी सापडायचा नाही. मी स्वतः इंग्रजी घेऊन एम. ए. केलंय आणि बदलापूरच्या एका कॉलेजात तीच भाषा शिकवते, तरी हे छातीठोकपणे सांगते. आत्याचे यजमान म्हणून आम्ही सगळी भाचरं त्यांना मामा म्हणतो. मामांच्या इंग्रजीत 'आय' नाही, 'यू' नाही, 'इज' आणि 'वॉज' यांना तर उंबऱ्याच्या आत प्रवेशच नाही. बिफोर, आफ्टर, विदाउट असला एखादा शब्द मुकादमासारखा पुढे उभा करायचा, मग जे काम असेल त्याला 'इंग' चिकटवायचं आणि शेवटी हवी ती वस्तू ठेवून द्यायची. झालं वाक्य! सकाळी उठल्या उठल्या आत्याला हुकूम सुटतो, "आफ्टर ब्रशिंग, टी." आत्या आतून म्हणते, "आधी ब्रशिंग तर करा."

हे इंग्रजी मामांना शाळेनं दिलेलं नाही. शाळा सातवीतच सुटली आणि हातात ब्रश आला. अंबरनाथच्या कारखान्यांतून मशीनच्या बाजूला सूचनांच्या पाट्या असतात ना, मशीन सुरू करण्यापूर्वी हे करा, हेल्मेट घातल्याशिवाय तिकडे जाऊ नका, त्या पाट्या मामांनी जन्मभर रंगवल्या. साहेबानं कागदावर मजकूर लिहून द्यायचा आणि पेंटरनं तो तसाच भिंतीवर उतरवायचा, अशी सगळीकडची पद्धत. मामांची पद्धत वेगळी. अर्थ समजल्याशिवाय ते ब्रश रंगात बुडवत नसत. एकदा म्हणे घाईत असलेला एक साहेब चिडून म्हणाला, "तुला काय करायचंय अर्थाशी? अक्षरं काढ." मामा शिडीवरून खाली उतरले, डब्याचं झाकण लावलं आणि शिडीच्या खालच्या पायरीवर बसून राहिले. शेवटी साहेबानं तिथेच उभं राहून 'बिफोर स्टार्टिंग'पासून सगळी पाटी मराठीत समजावून सांगितली. असं एकेक वाक्य वसूल करत मामा इंग्रजी शिकले, आणि कारखान्याच्या भिंतीला जेवढं येतं तेवढंच शिकले.

पुढे छापील फ्लेक्स आले आणि मामांचं काम आटलं, पण ब्रश काही वाळला नाही. तो घराकडे वळला. फ्रिजवर 'बिफोर ओपनिंग, थिंकिंग'. मोरीच्या दारावर 'आफ्टर बाथिंग, मॉपिंग'. सणावाराला दोन्ही सुना येऊन बसतात त्या सोफ्याच्या वर 'इन्स्टेड ऑफ फायटिंग, टी'. मागच्या दिवाळीत ते मला घेऊन उल्हासनगरला पडद्याचं कापड आणायला गेले. दुकानदार सिंधी, गल्ल्यावर बसून बसून ऐसपैस झालेला. त्यानं ठाणभर कापड उलगडलं, तर मामा चष्मा पुसत म्हणाले, "बिफोर बाइंग, सीइंग. आफ्टर सीइंग, थिंकिंग." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. दुकानदार मात्र खूश. दोन्ही हात पसरून म्हणाला, "अरे साईं, विदाउट बाइंग नो गोइंग! बैठो, चाय पियो." मग दोघं अर्धा तास त्याच भाषेत बोलत बसले आणि मी अत्यंत शुद्ध इंग्रजी पोटात घेऊन कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून राहिले.

हा सगळा विनोद मी वर्षानुवर्षं कॉलेजच्या स्टाफरूममध्ये सांगून हशा मिळवला आहे. आता त्याची लाज वाटते. झालं असं की, मामांनी वस्तीतल्या बुद्धविहारात संध्याकाळी बायकांसाठी इंग्रजीचा वर्ग सुरू केला. कुणी कारखान्यात पॅकिंगला जाणारी, कुणी चार घरची कामं करणारी, अशा अकरा जणी वह्या घेऊन येऊ लागल्या. मामांनी मोठ्या कौतुकानं मला वर्ग बघायला बोलावलं. फळ्यावर त्यांच्या त्या देखण्या वळणदार अक्षरात लिहिलं होतं, 'फॉर गोइंग स्टेशन, रिक्षा टेकिंग'. माझ्यातली प्राध्यापिका काही गप्प बसली नाही. मी हसत हसत उठले, डस्टरनं ते पुसलं, शुद्ध वाक्य लिहिलं आणि वर पाच मिनिटं ते का शुद्ध आहे हेही सांगितलं. अकरा जणींनी वहीतलं आपलं वाक्य खोडरबरानं खोडलं. विहारात तेवढाच आवाज होता. मामा खाली बघत म्हणाले, "थँक्यू फॉर करेक्टिंग, मॅडम." आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला 'बाळ' म्हटलं नाही.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग बंद. पंधरा दिवसांनी आत्याचा फोन आला. आधी मला वाटलं, कुणी आजारी आहे. "अगं, तुझे मामा मराठीत बोलायला लागलेत," ती रडवेल्या आवाजात म्हणाली. "साधं, सरळ बोलतात. चहा दे म्हणतात. पाट्या सगळ्या उतरवून पलंगाखाली ठेवल्यात. इतकी वर्षं त्या पाट्यांच्या नावानं बोटं मोडली मी, आता भिंती खायला उठतात." मी तशीच स्कूटी काढली आणि अंबरनाथ गाठलं. मामा खुर्चीत पेपर वाचत होते. "या मॅडम, बसा," म्हणाले. भिंतीवर पाट्यांच्या जागी फिकट चौकोन राहिले होते. मी माफी मागायला तोंड उघडलं.

तेवढ्यात दारात सुनीताबाई आली. त्या अकरा जणींतली ही एक, सोनिवलीच्या नव्या इमारतींत घरकाम करणारी. हातात पेढ्यांचा पुडा. तिच्या मुलीला लांबचं नीट दिसत नाही, तरी शाळेत तिला शेवटच्या बाकावर बसवलेलं. आणि शाळा इंग्रजी, म्हणून ही बाई पालकसभेला जाऊन दोन वर्षं नुसती मान हलवून परत यायची. "काल उभी राहिली मी, मामा," ती धापा टाकत सांगू लागली. "सगळे पेरेंट्स बघत होते. मी बोलली, टीचर, विदाउट सीइंग बोर्ड, हाऊ रायटिंग? बिफोर शाउटिंग, फ्रंट बेंच गिविंग! टीचरनी ऐकून घेतलं ना सगळं. आज पोरगी पहिल्या बाकावर बसली." मग माझ्याकडे लक्ष जाऊन ती ओशाळली. "ताई, तुम्ही लिवलेलं पण वहीत आहे हां माझ्या. पण त्या टायमाला मामांचंच तोंडात आलं."

मामा पेपरची घडी करायला लागले, ती काही जमेना. मी त्यांच्यासमोर उभी राहिले. एम. ए. बाजूला ठेवलं आणि म्हणाले, "मामा, फॉर हर्टिंग, सॉरी." त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. मग आत बघून मोठ्यानं ओरडले, "बिफोर सॉरी-सेइंग, टी-ड्रिंकिंग!" आत्यानं आतून पातेलं आपटलं. इतक्या आनंदानं आपटलेलं पातेलं मी कधी ऐकलं नव्हतं. आत्यानं चहा आणला तेव्हा तिचे डोळे पुसलेले दिसत होते, आणि मामा मला म्हणत होते, "बाळ, पलंगाखालून त्या पाट्या काढ बरं."

वर्ग पुन्हा सुरू झाला आहे. चार दिवस मामा बोलायला शिकवतात, गुरुवारी मी लिहायला शिकवते, आणि फळा मामांना विचारल्याशिवाय पुसत नाही. मामांचं आता वय झालंय. नव्या पाटीवर 'बिफोर'चा 'बी' जरा कलला होता, तर आत्या म्हणाली, "असू दे, थकलाय तो." मी हल्ली त्या पाट्यांकडे वेगळ्या नजरेनं बघते. ज्या भिंतींवरून मामा ही भाषा शिकले, त्या भिंतींना एकच काळजी होती, की कामावर आलेला माणूस धडधाकट घरी जावा. म्हणून असेल, त्यांच्या इंग्रजीत प्रेमाचा शब्द एकही नाही आणि तरीही मला त्यात कधी कोरडेपणा वाटला नाही.

मी निघाले की ते फाटकापर्यंत येतात. स्कूटी सुरू होईपर्यंत थांबतात आणि दर वेळी तेच सांगतात, "आफ्टर रीचिंग, फोन." पूर्वी मी हटकून विसरायचे, आणि आत्या सांगते, ते फोन हातात घेऊन बसून राहायचे. आता बदलापूरला पोचल्यावर चप्पल काढायच्या आधी मी फोन लावते. पहिल्याच रिंगला पलीकडून आवाज येतो, "रीचिंग?" मी आपल्या घरात उभी असते, दाराला आतून कडीही घातलेली असते. तरी मी म्हणते, "रीचिंग, मामा."