सत्यवती टीचरची न उठलेली सरस्वती

आमच्या सत्यवती टीचरला कुणी ‘जमणार नाही’ म्हटलं की तिच्या अंगातच येतं. मी शेजारच्या वर्गात मराठी शिकवते, रोज बघते, म्हणून सांगते. ही आमोण्याची. नवरा खनिजाच्या बार्जवर होता, खाणी बंद पडल्या तसा घरी बसला. तेव्हा चाळिशीला टेकलेल्या या बाईने म्हापशाला जाऊन कॉम्प्युटरचा कोर्स केला. वर्गातली पोरं ‘काकी, काकी’ म्हणून खिदळायची. “हसांदेत, माका काय फरक पडता?” म्हणायची आणि पुढच्या बाकावर जाऊन बसायची.

मुळगावच्या बाजूला आमचं छोटं हायस्कूल. तिथे ती कॉम्प्युटर शिकवते. कोपऱ्यात एकच मोठं मशीन, त्यातून वायरी निघून सगळ्या स्क्रीनांना गेलेल्या, आणि प्रत्येक स्क्रीनमागे डब्याएवढी एक पेटी. थिन क्लायंट म्हणतात त्याला. पोरं खुशाल शिकत होती, कुणाची काही तक्रार नव्हती.

तक्रार निघाली संस्थेच्या चेअरमनांची. भिकाजी शेट एक दिवस स्क्रू-ड्रायव्हर घेऊन आले, एक पेटी उघडली आणि ओरडले, “ह्यात काय्येक नाय! फसवलंनी आमका!”

“शेट, पेज एका तोपात शिजते आणि वाट्यांत वाढतात,” टीचर म्हणाली. “डोकं सगळं त्या कोपऱ्यातल्या मशीनमध्ये. वाटी रिकामी दिसली म्हणून पेज खोटी कशी?”

पण शेटना पेज नको होती, खोली हवी होती. तिथे एसी लावून संस्थेची मीटिंग रूम करायची होती. दसऱ्याची पूजा आटोपली की सगळे डबे भंगारात, असं त्यांनी स्टाफरूममध्ये जाहीर केलं. आम्ही सगळे माना खाली घालून बसलो. मीसुद्धा.

“पात्रांव,” मालकाला मारावी तशी हाक मारत टीचर उठली, “तुमची मुलं म्हापशाच्या शाळेत लॅपटॉप घेऊन बसतात. आमच्या पोरांनी काय, मीटिंगा शिकायच्या?”

“टीचर, तुम्ही कंत्राटावर आहात.”

“काढा तर मग. आमोण्याला माझा मिरच्यांचा मळा आहे. उपाशी मरत नाही मी.”

आता आमच्याकडची पूजा कशी असते ते सांगायला हवं. दसऱ्याच्या दिवसांत शाळेत सरस्वतीची मातीची मूर्ती आणतात. दहावीतलं एक मूल यजमान म्हणून पाटावर बसतं. पुस्तकं, वाद्यं सगळं देवीपुढे मांडतात. मग भटजी उत्तरपूजा सांगतात, यजमान अक्षता टाकतो, आणि तेव्हाच मूर्ती हलते. त्याआधी तिला हात लावायची कुणाची छाती नाही. दरवर्षी मूर्ती हॉलमध्ये बसते. या वर्षी टीचरने ती मुलांकरवी कॉम्प्युटरच्या खोलीत बसवली. सगळ्या पेट्यांना हळदकुंकू लागलं, झेंडूचे हार पडले. शेटनी स्वतः आरती म्हटली. त्यांना वाटलं, भंगारात जायच्या आधीचा निरोप चाललाय.

दुसऱ्या दिवशी उत्तरपूजा व्हायची होती. टीचरने भटजींना येऊच नका म्हणून सांगितलं. आणि त्याहून मोठं म्हणजे, पोरांना मशिनींवर बसवलं. शेट धावत आले.

“पूजेतल्या वस्तू वापरतात? धर्म बुडवलात!”

“सरस्वतीसमोर शिकायचं नाही तर कुणासमोर शिकायचं, शेट? तुम्हीच सांगा.”

मी दारात उभी होते. सायबा, काय बरं वाटलं म्हणून सांगू! त्या दिवसापासून रोज सकाळी मुलं ताजी फुलं आणायची, देवीला चुरमुऱ्यांचा नैवेद्य दाखवायची आणि मशीन चालू करायची. गावभर बोभाटा झाला. आयाबाया दर्शनाला यायला लागल्या, आणि दर्शन घेता घेता पोरं काय करतात ते जनेलाच्या गजांतून बघायला लागल्या.

शेवटी शेट बाबली भटजींना स्कूटरवर बसवून घेऊनच आले. भटजींनी पळी-पंचपात्र मांडलं, मंत्र म्हटले आणि अक्षतांचं ताट पुढे केलं. या वर्षीची यजमान होती सिद्धी. तिचा बाप गणपत कोल्हापूरकडचा, डिचोलीच्या कारखान्यात काम करतो. घरात कॉम्प्युटर सोडाच, अभ्यासाला टेबल नाही.

“टाक गे बाय अक्षता,” शेट म्हणाले.

सिद्धीने मूठ भरली आणि टीचरकडे बघितलं. एवढीशी पोर, समोर चेअरमन, आणि बापाला नोकरी लावून देणारा माणूसही तोच!

“माझ्याकडे बघू नकोस,” टीचर म्हणाली. “पूजा तुझी आहे.”

सिद्धीने मूठ उघडून अक्षता परत ताटात ओतल्या. “न्हाई टाकणार. देवी उठली की तुम्ही आमची खोली घेणार. मला अजून शिकायचं हाय.”

भटजींनी पळी पिशवीत टाकली. “यजमानच नको म्हणतेय, शेट. मी काय करू?”

शेट लालबुंद झाले, टीचरवर बोट रोखून म्हणाले, “हे हिला तुम्ही शिकवलंत!”

“शिकवलंच,” टीचर म्हणाली. “त्यासाठीच ठेवलंय ना मला?” आणि पोरांकडे वळून, “चला रे, बसा आपापल्या जागेवर.”