डाव्या गुडघ्याची वाटी

कॉलेजात त्यांना सगळे हाडवाल्या मावशी म्हणत. नवरा गेल्यावर त्याच्या जागी त्या शरीरशास्त्र विभागात लागल्या, तेव्हा पहिले आठ दिवस डबा तसाच घरी परत नेला. मग सवय झाली, आणि पुढे हात असा बसला की डोळे मिटून नुसतं चाचपून हाड डावं की उजवं ते सांगत.

त्यांच्या टेबलावर पाच ट्रे असत. एकात मांडीची, दंडाची लांब हाडं. दुसऱ्यात मनगटा-घोट्यांतली आखूड. तिसऱ्यात चपटी, म्हणजे बरगड्या, खांद्याचा फरा. मणके कुठल्याच साच्यात बसत नाहीत, म्हणून त्यांचा ट्रे वेगळा. पाचव्यात स्नायू हाडाला बांधणाऱ्या दोरीत वाढणारी हाडं, त्यात मोठ्या फक्त गुडघ्याच्या दोन वाट्या. तोंडी परीक्षा जवळ आली की मुलं सरांपेक्षा मावशींभोवतीच जास्त घुटमळत.

एकदा देहदान केलेल्या एका पोस्टमनचा सांगाडा तयार करायचा होता. हाडं धुतलेलं पाणी फडक्यातून गाळूनच ओतायचं, हा नियम मावशींनी स्वतःच घालून घेतलेला. पण त्या दिवशी बस चुकेल म्हणून त्यांनी टब तसाच मोरीत उपडा केला. सकाळी मोजणी केली तर डावी वाटी नाही. मोरीची जाळी निघालेली होती. कोपरापर्यंत हात घालूनही काही लागलं नाही. शेवटी त्यांनी सुट्या हाडांच्या जुन्या पेटीतली त्याच मापाची वाटी काढून बसवली.

"काम फक्कड झालंय, मावशी," सर म्हणाले. मावशी मान खाली घालून तारा गुंडाळत राहिल्या.

दोन वर्षांनी पोस्टमनची मुलगी परवानगी काढून बघायला आली. वाकून तिने डाव्या गुडघ्यावर बोट ठेवलं.

"हाच दुखायचा त्यांचा. जिना चढताना कटकट वाजायचा. आई रोज शेकून द्यायची."

"हो का?" शेजारी उभ्या मावशी एवढंच बोलल्या.

त्यानंतर त्यांचं कामात लक्ष लागेना. आठवडाभराने त्यांनी सरांना सगळं सांगून टाकलं. सर म्हणाले, "अहो, शिकवायला काही फरक पडत नाही. सोडून द्या."

"त्या पोरीला पडतो, सर."

मावशींनी तिचा पत्ता मागून घेतला आणि रविवारी तिच्या घरी गेल्या. पाण्याचा ग्लास हातात तसाच धरून, एकही सबब न सांगता, बस चुकेल म्हणून घाई केली इथपासून सगळं सांगितलं.

मुलगी चिडली नाही. तेच मावशींना जड गेलं.

"मग ती वाटी कुणाची आहे?" तिने विचारलं.

"ठाऊक नाही बाई. जुनी पेटी आहे, त्यावर नाव नाही."

"बाबांची मिळणार नाही ना आता?"

"नाही."

मुलगी उठून आत गेली, ती लवकर बाहेर आलीच नाही. मावशींनी थोडी वाट पाहिली, मग ग्लास टेबलावर ठेवला आणि दार हळूच ओढून घेतलं.

सोमवारी त्यांनी सांगाड्याला लावलेल्या नोंदपत्रावर आपल्या अक्षरात लिहिलं: डावी वाटी दुसऱ्या माणसाची, चूक माझी. सरांनी वाचलं, पण खोडलं नाही. पुढे मावशी निवृत्त होईपर्यंत ते नोंदपत्र तसंच होतं. दर वर्षी नवी मुलं त्याबद्दल विचारत, आणि दर वर्षी मावशी त्यांना पहिल्यापासून सगळं सांगत.