बाईच्या मनगटावरची थरथर

बाई गेली तेव्हा मी अकोल्याच्या दवाखान्याखाली चहा पीत होतो. बायको खाली आली, तिने माझ्या हातातला कप काढून घेतला... तेवढ्यावरून समजलं.

बाई म्हणजे माझी थोरली बहीण, सुमन. लग्नानंतर चार वर्षांतच विधवा होऊन केनवडला आमच्या घरी परतली. माझी पोरं तिनंच वाढवली आणि माझ्या पन्नाशीतही ती मला चारचौघांत झापायची. किडन्या गेल्यावर डायलिसिससाठी तिच्या डाव्या मनगटात शीर आणि धमनी जोडून दिली. त्या जोडावर बोटं ठेवली की रक्ताची थरथर लागायची. मंदावली तर त्याच दिवशी या, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. साखरेने बाईची बोटं बधिर, म्हणून रोज संध्याकाळी तपासायचं काम माझं. हात लावून विहिरीवरच्या मोटारीचा बिघाड ओळखणारा माणूस ना मी! एकदा थरथर मंदावली, लगेच नेलं. अरुंद झालेली शीर रुंद करायला आत बारीक तारेवरून फुगा घातला, पण त्या जागी तो आवळूनच राहिला. मग जास्त दाबाचा फुगा आणला, तेव्हा कुठे ती जागा सुटली. वेळेवर आणलंत, डॉक्टर म्हणाले. परतताना बाईने मनगट माझ्या कानाला लावलं. "ऐक, मोटर कशी पानी फेकून राह्यली."

सोयाबीनच्या हंगामात मी दिवसभर थ्रेशरवर. संध्याकाळी उतरलो की हातपाय न धुताच तिच्याजवळ जायचो.

"हात थंडा लागते रे गजा," ती एकदा म्हणाली.

बोटं ठेवली. थरथर होती.

"कायले भ्यून राह्यली वं बाई? चालू हाये."

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी डायलिसिसच्या नर्सने मनगट धरलं आणि माझ्याकडे पाहिलं. जोड केव्हाचाच बंद पडला होता. गुठळी अशी घट्ट बसली होती की तार पुढे सरकेना, आणि तारेशिवाय फुगा जात नाही. मग डायलिसिससाठी मानेत नळी टाकली, तिथून जंतू रक्तात शिरले. आठ दिवसांत सगळं आटोपलं.

तेरवीनंतर पहिल्यांदा ट्रॅक्टर चालवून आलो आणि तिच्या रिकाम्या बाजेवर टेकलो. बोटं लाकडावर होती... लाकूड थरथरत होतं. दिवसभर यंत्र धरलेले माझेच हात ते. बाईच्या मनगटात त्या दोन संध्याकाळी लागली तीही हीच थरथर. बायकोलाही हे सांगायची हिंमत झाली नाही, म्हणून इथे लिहितो आहे. माझ्यावर विसंबून बाई निर्धास्त झोपली.

आता रोज उतरलो की त्या बाजेवर बसतो, हात शांत होईपर्यंत. एक कप चहा पिऊन होतो, तेवढाच वेळ लागतो.