खाजकुयलीचं बी

सुगंधा गोताड म्हणायची, "घरात माणसं दोन हाईत, पण ऐकू येतो तो फक्त कुकर."

भाईंदर पूर्वेला, केबिन रोडच्या मागच्या गल्लीत, दुसऱ्या मजल्यावर तिचं घर. नवरा धाकू मूळचा लांज्याकडचा. स्टीलच्या भांड्यांच्या कारखान्यात भांडी पॉलिश करण्यात त्याची उमर गेली. बोलघेवडा माणूस. भाजी आणायला गेला तरी चार ओळखी करून यायचा. मुलगी स्वाती लग्न होऊन पनवेलला गेली, तरी त्याच्या बडबडीमुळे घर रिकामं वाटलं नव्हतं.

मग त्याचा उजवा हात थरथरायला लागला. डॉक्टरांनी पार्किन्सन सांगितला. हाताचं सुगंधाला एवढं काही वाटलं नाही. घास ती भरवू शकत होती. पण हळूहळू धाकूचा चेहरा थिजत गेला. आनंद झालाय की दुखतंय, काही कळेना. आवाज इतका बारीक झाला की कान जवळ नेला तरी अर्धं कळायचं. दोनदा "काय?" विचारलं की तो गप्प व्हायचा. पुढे पुढे तो बोलायचाच बंद झाला. खुर्चीत बसून समोरच्या भिंतीकडे बघत राहायचा. सुगंधा साड्यांना फॉल लावायची. शेजारची जुनी माणसं घरं विकून गेली होती, नव्यांचे दरवाजे बंद असायचे. जिन्यात कोणी भेटलंच तर "अंकल कैसे है?" एवढंच, आणि उत्तराला कोणी थांबायचं नाही.

एका दुपारी गावाकडून नणंदेनं मोबाइलवर व्हिडिओ पाठवला. त्यात एक वैद्य सांगत होते, कंपवातावर खाजकुयलीचं बी जुन्या काळापासून देतात, आणि आता शास्त्रज्ञही त्यावर अभ्यास करतायत. खाजकुयली सुगंधाला चांगली ठाऊक होती. गावात कुंपणावर तिचे वेल चढायचे, शेंगेवरची कुसं अंगाला लागली की आग व्हायची. एवढं ओळखीचं औषध आपण कसं सोडलं, असं तिला वाटलं.

दुसऱ्या दिवशी ती केबिन रोडवरच्या काष्ठौषधींच्या दुकानात गेली. दुकानदार धर्मेशभाईंनी बी दाखवलं. काळं, चकचकीत, वालाच्या दाण्यापेक्षा मोठं.

"कौंच बीज किसके लिए चाहिए, बेन?"

"मिस्टर के लिए. हाथ काँपता है."

"डॉक्टर की गोली चालू है क्या? चालू है तो पहले उनको पूछना."

"नहीं, कुछ नहीं चालू," सुगंधा म्हणाली. खोटं बोलायचं तिनं ठरवलं नव्हतं. पण विचारायला गेलं तर डॉक्टर नको म्हणतील, ही भीती पुढे झाली.

व्हिडिओत सांगितल्याप्रमाणे तिनं बी दुधात उकळलं, सालं काढली, वाळवून पूड केली. गोळ्या चालू होत्याच. त्यांच्या जोडीला सकाळ-संध्याकाळ एक चमचा पूड दुधातून सुरू केली.

आठवडा गेला असेल. ती मोरीत कपडे धुत होती आणि मागून आवाज आला, "सुगंधा, चायत आज आलं नाय घातलंस?"

ती वळली. धाकू दारात उभा होता. खुर्चीवरून स्वतः उठून, कशाला न धरता आला होता.

मग तो बोलतच सुटला. कारखान्यातली भांडणं सांगितली. बाप रागावला की स्वतःच कसा झाडावर चढून बसायचा, ते सांगितलं. संध्याकाळी दोघं रिक्षानं पश्चिमेला खाडीच्या धक्क्यावर गेली. होडीतून मासळी उतरवणाऱ्या एका बाईशी तो बोंबिलाच्या भावावरून हसत हुज्जत घालत राहिला, आणि सुगंधा त्याच्या तोंडाकडे बघत राहिली. ते हसू ती जवळजवळ विसरली होती. स्वातीला तिनं फोनवर काहीच सांगितलं नाही. बोलून दाखवलं की दृष्ट लागते.

तिनं चमचा थोडा शीग लावून भरायला सुरुवात केली.

लवकरच धाकूची मान आपोआप वळायला लागली. हात हवेत वेडेवाकडे फिरायला लागले; थरथरीपेक्षा ते वेगळं होतं. आणि एका संध्याकाळी तो म्हणाला, "दादा कधीचा बसलाय कोपऱ्यात. त्याला चाय दे की."

दादा म्हणजे त्याचा थोरला भाऊ. त्याला जाऊन बरीच वर्षं झाली होती. सुगंधानं कोपऱ्यात पाहिलं. तिथे फॉल लावायच्या साड्यांचा गठ्ठा होता. दुसऱ्या दिवशी त्याला आणखी माणसं दिसली, अनोळखी, आणि त्यांना घरात येऊ द्यायचं नाही म्हणून तो दरवाजा धरून उभा राहिला. सुगंधालाच तो ढकलायला लागला. तेव्हा तिनं स्वातीला फोन लावला.

मेंदूच्या डॉक्टर मृणालिनीबाईंसमोर तिनं पुडीची बाटली ठेवली. आता बोलणी खावी लागणार, असं धरून ती खाली मान घालून बसली. बाईंनी बाटली उघडून वास घेतला.

"मावशी, बी खोटं नाही. जे औषध मी गोळीतून देते, तेच या बियांत असतं. म्हणून तर गडबड झाली. गोळीत किती आहे ते मला माहीत असतं. बियांत कधी कमी, कधी जास्त, आणि तुम्ही दोन्ही एकत्र दिलंत. यावर अभ्यास चालू आहे. उद्या काही चांगलं निघेलही. पण आज हे बंद."

"मग गोळीच वाढवा," सुगंधा म्हणाली. "त्या दिवसांत ते बोलत होते."

"थोडी वाढवून बघू. पण बोलणं ज्या वाटेनं येतं, ती नसलेली माणसंही त्याच वाटेनं येतात. दोन्हींच्या मध्ये कुठेतरी थांबावं लागेल."

सुगंधानं मान हलवली. स्वाती काही दिवस राहिली आणि पनवेलला परत गेली. धाकूची मान थांबली, हात शांत झाले. त्याला कोणी दिसेनासं झालं. चेहरा पुन्हा पहिल्यासारखा झाला आणि दुपारी घर पुन्हा गप्प राहायला लागलं. वाढवलेल्या गोळीनं एवढंच झालं की रोज सकाळी थोडा वेळ त्याचा आवाज जरा मोकळा व्हायचा. तेवढ्या वेळात सुगंधा हातात सुई घ्यायची नाही.

अशाच एका सकाळी त्यानं विचारलं, "मी तेव्हा लय बोललो?"

"बोललात की. बापाचं, कारखान्याचं. सगळं."

तो बराच वेळ ओठ हलवत राहिला. मग म्हणाला, "तुझं?"

सुगंधा विचारात पडली. त्या सगळ्या दिवसांत त्यानं तिला एकदाही काही विचारलं नव्हतं, हे तिच्या आत्ता लक्षात आलं. "माझं नाय काय विचारलंत," ती म्हणाली.

"मग सांग."

कुठून सुरू करावं, तिला कळेना. तिनं स्टूल ओढून घेतलं. धर्मेशभाईंशी खोटं बोलले, ते आधी सांगितलं. मग दुपारी कंटाळा आला की उगाच खाली उतरून दूध आणायला जाते, ते सांगितलं. पिशवी घरात असली तरी जाते. मग आणखी बरंच. धाकूच्या चेहऱ्यावर काही हललं नाही. त्याला किती पोचतंय, तिला कळायला मार्ग नव्हता. पण त्यानं नजर तिच्यावरून काढली नाही, म्हणून ती सांगत राहिली.